गंजलेली टाकी आणि कोटिंगचा हट्ट: सातपूरच्या एका वर्कशॉपचे परीक्षण

नाशिकमधील सातपूरच्या औद्योगिक वसाहतीलगत, जुन्या मोटारसायकलींच्या पेट्रोलच्या टाक्या आतून साफ करून देणारे आणि गरज असेल तरच त्यांना आतून कोटिंग करून देणारे एक छोटे वर्कशॉप आहे. बाहेर पाटी नाही. मालक जवळजवळ एकटेच काम करतात, एका वेळी मोजक्याच टाक्या हाती घेतात आणि नाव-नंबर कुठेही छापू नये अशी त्यांची विनंती असल्यामुळे तो या लेखात दिलेला नाही. मायको सर्कलकडून त्र्यंबक रस्त्याने सातपूरकडे जाताना बुलेटचे किंवा येझदीचे काम करणाऱ्या कोणत्याही जुन्या मेस्त्रींना विचारले, तर ते पत्ता सांगतात. आधीच सांगायचे तर साफसफाईच्या कामात या वर्कशॉपला पैकीच्या पैकी गुण द्यायला हरकत नाही, कोटिंगचे काम चांगले असले तरी ते प्रत्येक टाकीला लागत नाही, आणि वेळ पाळण्याच्या बाबतीत मात्र ग्राहकाने फारशी अपेक्षा ठेवू नये.

मी तिथे नेलेली टाकी होती १९८६ सालच्या बुलेट ३५० ची. साधारण साडेचौदा लिटरची, जाड पत्र्याची आणि चेन्नईच्या कारखान्यात हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा अजून अंगावर बाळगणारी. अशी टाकी गंजली की पहिला सल्ला मिळतो तो नवी पॅटर्न टाकी, म्हणजे मूळ कंपनीची नसलेली पण तशाच आकाराची टाकी, बसवण्याचा. तो सल्ला अगदीच टाकाऊ नाही. रंग गेलेला असेल, पोचे पडलेले असतील आणि पत्रा ठिकठिकाणी खाल्ला गेला असेल, तर नवी टाकी स्वस्त पडते. परंतु बाजारातल्या पॅटर्न टाक्यांचा पत्रा बहुधा पातळ असतो, बोल्टची भोके नेमकी जुळतीलच असे नाही, रंगाचा खर्च वेगळा करावा लागतो आणि त्या रेघा पुन्हा तशा येत नाहीत. त्यामुळे मूळ टाकी वाचवता येते का, हे आधी पाहणे योग्य ठरले.

तक्रार नेहमीचीच होती. गाडी चालू व्हायची, चार-पाच किलोमीटर व्यवस्थित जायची आणि चढावर गचके देऊन बंद पडायची. थोडा वेळ थांबले की पुन्हा चालू. कार्बोरेटरची वाटी उघडली की तळाशी तांबूस गाळ आणि त्यात पांढुरक्या, मऊ पापुद्र्यांचे तुकडे सापडायचे. तांबूस गाळ म्हणजे गंज, हे उघड होते. पापुद्रे कसले, हे कळायला टाकीचा इतिहास आठवावा लागला. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरातल्या एका गॅरेजने या टाकीला आतून दुधी रंगाचे कोटिंग केले होते. खालचा गंज नीट निघालेला नव्हता, पत्रा पुरता वाळलेला नव्हता आणि वरून पातळ थर ओतून टाकी परत देण्यात आली होती. तो थर आता सुटत होता, नळाच्या जाळीवर येऊन बसत होता आणि पेट्रोलची वाट अडवत होता. गंजापेक्षा सुटलेले कोटिंग जास्त त्रासदायक असते, कारण गंजाचा गाळ निदान तळाशी बसतो, पापुद्रा मात्र तरंगत येऊन नेमका नळाच्या तोंडाशी चिकटतो.

टाकी आतून का गंजते, याचे मालकांनी केलेले विवेचन या भेटीतली सर्वात मोलाची गोष्ट होती, म्हणून ते जरा सविस्तर मांडतो. अर्धी भरलेली टाकी महिनोन् महिने उभी राहिली की वरच्या उघड्या पत्र्यावर दिवसा-रात्रीच्या तापमानातील फरकामुळे हवेतील ओलावा दवासारखा साचतो. ते पाणी ओघळून पेट्रोलखाली जाते, कारण पाणी पेट्रोलपेक्षा जड असते, आणि तळाच्या शिवणीत, म्हणजे पत्र्याचे दोन भाग जोडलेल्या कडेत, जाऊन बसते. गाडी साइड स्टँडवर उभी असेल तर हे पाणी डाव्या कोपऱ्यात जमते आणि तोच कोपरा आधी खाल्ला जातो. त्यात भर पडली आहे ती इथेनॉलची. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने पंपांवर आलेल्या आणि २०२५ पर्यंत सर्वत्र रुळलेल्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी ओढून घेते. थोडे पाणी ते स्वतःत मुरवून घेते आणि इंजिनातून निघूनही जाते, तोवर बिघडत काही नाही. परंतु पाण्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी त्यांचा स्वतंत्र थर साचतो. रोज फिरणाऱ्या गाडीत हे सहसा घडत नाही. पावसाळाभर ताडपत्रीखाली झाकून ठेवलेल्या गाडीत घडते.

मात्र मालकांच्या मते नाशकातल्या टाक्या गंजण्याचे सर्वात मोठे कारण हवामान नाही आणि इथेनॉलही नाही. ते आहे वॉशिंग सेंटर. झाकणाचे रबर जुने होऊन तडकलेले असते आणि जोराच्या फवाऱ्याने गाडी धुताना पाणी सरळ आत जाते. त्यांच्याकडे येणाऱ्या टाक्यांमध्ये तोंडाच्या थेट खाली, गोलसर आकारात गंज दिसला की ते प्रथम झाकण हातात घेऊन रबर दुमडून पाहतात. आमच्या झाकणाचे रबर दुमडताच भेगाळले. तीस-चाळीस रुपयांच्या रबरापायी हजारोंचा खर्च उभा राहतो, हे तेव्हा पुरते कळले.

वर्कशॉपमधली पहिली पायरी तपासणीची असते आणि ती झाल्याशिवाय मालक दर सांगत नाहीत. मोबाइलला जोडता येणारा बारीक वायरचा कॅमेरा तोंडातून आत सोडून ते टाकीचा प्रत्येक कोपरा ग्राहकाला दाखवतात. पडद्यावर आमच्या टाकीच्या छताला बारीक, पिवळट भुकटीसारखा गंज दिसत होता, तो किरकोळ. परंतु खालच्या बाजूला, गाडीच्या चौकटीवर टाकी बसावी म्हणून मध्ये जो उंचवटा केलेला असतो त्याच्या दोन्ही अंगांना, जुन्या कोटिंगच्या लोंबत्या चिंध्या होत्या आणि त्यांच्या आड जाडसर, काळपट-तांबड्या खपल्या. एका खपलीला कॅमेऱ्याच्या टोकाचा धक्का लागला आणि ती अख्खी सुटून बाजूला झाली, तेव्हा तिच्याखालचा पत्रा खड्ड्याखड्ड्यांचा दिसला. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त असते, त्यामुळे खपली दिसायला जाड असली तरी तितका पत्रा गेलेला नसतो, असे त्यांनी समजावले. तरी या ठिकाणी पत्रा किती उरला आहे, हे साफ केल्यावरच सांगता येईल, असेही स्पष्ट केले.

माझ्या आधी एक महाविद्यालयीन मुलगा आरएक्स १०० ची टाकी घेऊन आला होता. त्याला कोटिंगच हवे होते. "करून टाका ना काका एकदाचं, परत झंझट नको," असे तो दोन-तीनदा म्हणाला. मालकांनी त्याला पडद्यावर आतली बाजू दाखवली आणि म्हणाले, "अरे, पत्रा शाबूत आहे तुझा. नुसती साफ करून देतो, रबर बदल आणि टाकी भरलेली ठेव. उगाच पैसे कशाला घालवतोस?" मुलगा जरा नाराजच झाला. कोटिंगचे पैसे साफसफाईपेक्षा जास्त मिळत असताना गिऱ्हाइकाला ते न करण्याचा सल्ला देणारा माणूस या धंद्यात विरळाच. या वर्कशॉपवर विश्वास बसला तो याच प्रसंगामुळे.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. टाकी नळ, झाकण आणि पेट्रोलसकट तशीच आणावी, घरी रिकामी करू नये, असे ते फोनवरच बजावतात. यामागचे कारण गंभीर आहे. भरलेल्या टाकीपेक्षा नुकतीच रिकामी केलेली टाकी अधिक धोकादायक असते, कारण आत उरलेली वाफ हवेत मिसळते आणि हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तर एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. फ्लॅटच्या गॅलरीत किंवा बंद गॅरेजमध्ये टाकी उपडी करून ठेवणे म्हणजे संकटाला आमंत्रण देणे होय.

टाकी रिकामी झाल्यावर ती गरम पाणी आणि भांडी घासण्याच्या साबणाने वारंवार धुतली जाते. आत जुन्या पेट्रोलचा चिकट, मधासारख्या रंगाचा थर बसलेला असतो आणि तो असेपर्यंत कोणतेही आम्ल गंजापर्यंत पोहोचत नाही. घरगुती प्रयोग करणारे बहुतेक लोक इथेच फसतात. टाकीत सरळ आम्ल ओततात आणि गंज अर्धवट निघाला की आम्लाला दोष देतात. आमच्या टाकीत याखेरीज जुने कोटिंग काढण्याचे काम होते. त्यासाठी त्यांनी तीव्र द्रावक वापरला, टाकी तासातासाने कूस बदलून ठेवली आणि मऊ पडलेला थर लांब आकड्याने ओढून काढला. बादलीत पडलेला तो लगदा पाहिल्यावर कोटिंग किती निष्काळजीपणे केले गेले होते ते दिसले: प्रत्येक पापुद्र्याच्या मागच्या बाजूला गंजाचा तांबडा थर चिकटलेला होता. कोटिंग पत्र्याला धरलेच नव्हते, ते गंजाला धरले होते.

त्यानंतर टाकीत साखळीचे तुकडे घालून ती हलवली जाते. गुळगुळीत नट-बोल्टांपेक्षा साखळीच्या कड्या कोपऱ्यात चांगल्या शिरतात. शिवाय साखळी तारेला बांधून ठेवली की एकही तुकडा आत राहत नाही. खडी किंवा काचेचे तुकडे वापरण्याच्या ते पूर्ण विरोधात आहेत, कारण त्यांची भुकटी शिवणीत अडकते.

गंज विरघळवण्यासाठी ते सायट्रिक आम्ल, म्हणजे आपण किराणा दुकानातून लिंबूसत्त्व म्हणून आणतो ते, वापरतात. लिटरला शंभर ग्रॅमपर्यंत प्रमाण, पाणी कडकडीत नव्हे पण चांगले गरम, आणि टाकी काठोकाठ भरलेली. काठोकाठ यासाठी की पृष्ठभाग जिथे संपतो तिथे आम्लाची रेघ उमटते आणि वरचा भाग गंजलेलाच राहतो. रात्रभर ठेवून सकाळी द्रावण ओतले की ते हिरवट-पिवळे झालेले असते. गंज जाड असेल तर नवे द्रावण करून पुन्हा भरावे लागते. मीठाचे आम्ल, म्हणजे शौचालय साफ करण्याच्या द्रवात असते ते हायड्रोक्लोरिक आम्ल, हेच काम काही मिनिटांत करते, आणि म्हणूनच अनेक गॅरेजमध्ये ते वापरले जाते. परंतु ते गंजाबरोबर चांगला पत्राही खाते आणि त्याचे अंश शिवणीत राहिले तर काही दिवसांत तिथूनच पुन्हा गंज सुरू होतो. मालक पूर्वी प्लेटिंगच्या कारखान्यात पिकलिंगच्या, म्हणजे धातू आम्लात बुडवून साफ करण्याच्या, टाक्यांवर काम करीत असत, त्यामुळे हे त्यांनी पुरते पाहिलेले आहे. आपल्या वर्कशॉपमध्ये त्यांनी त्या आम्लाची बाटलीसुद्धा ठेवलेली नाही.

वीज वापरून गंज काढण्याची पद्धतही त्यांच्याकडे आहे. धुण्याच्या सोड्याचे पाणी, लिटरला साधारण पाच ग्रॅम सोडा, टाकीत भरायचे, तोंडातून साध्या लोखंडाची सळई टाकीला कुठेही न टेकता आत लोंबती ठेवायची, बारा व्होल्टच्या चार्जरची ऋण बाजू टाकीला आणि धन बाजू सळईला जोडायची. गंज सुटून काळ्या चिखलासारखा होतो आणि चांगला पत्रा जराही खाल्ला जात नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण. सळई स्टेनलेस स्टीलची असता कामा नये, कारण तिच्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. सोड्याऐवजी मीठ वापरता कामा नये, कारण क्लोरीन वायू तयार होतो. आणि टाकीच्या तोंडातून हायड्रोजन बाहेर पडत असल्याने सगळे उघड्यावरच करावे लागते व चार्जर बंद केल्याशिवाय चिमटा काढायचा नाही. आमच्या टाकीसाठी मात्र त्यांनी ही पद्धत नाकारली. सळई जिथे समोरासमोर दिसते तिथेच विजेचा परिणाम चांगला होतो आणि बुलेटच्या टाकीतील मधल्या उंचवट्यामुळे दोन्ही बाजूंचे खोलगट भाग सळईच्या आड जातात. चपट्या, सरळ पोकळीच्या टाकीला वीज आणि खोगिरासारख्या टाकीला लिंबूसत्त्व, असा त्यांचा साधा हिशेब आहे.

आम्ल ओतल्यानंतरची पंधरा मिनिटे हे या संपूर्ण कामाचे मर्म आहे, असे माझे मत झाले. उघडा पडलेला ओला पत्रा पाहता पाहता नारिंगी होतो. म्हणून सोड्याच्या पाण्याने आम्ल मारणे, स्वच्छ पाण्याने खळखळून धुणे, द्रावकाने उरलेले पाणी उचलून घेणे आणि गरम हवेच्या झोताने टाकी कोरडी करणे ही सगळी कामे त्यांनी हातची वस्तू खाली न ठेवता, आधी मांडून ठेवलेल्या क्रमाने केली. द्रावक पुरता उडून जाईपर्यंत त्यांनी गरम हवेचे यंत्र हातात घेतले नाही. आधी साधी दाबाची हवा, मग उष्णता. या वेळात फोन वाजला तरी ते उचलत नाहीत. कॅमेऱ्यात नंतर दिसलेला पत्रा राखाडी, मंद चकाकीचा आणि कोपऱ्यांपर्यंत एकसारखा होता.

साफ झाल्यावर अपेक्षेप्रमाणे मागच्या बाजूच्या शिवणीजवळ एक टाचणीएवढे भोक उघडे पडले. आजवर ते गंजाच्या खपलीनेच बुजलेले होते. अशा ठिकाणी एम-सील चोपडून पाठवणारे पुष्कळ आहेत. पितळेचा डाग द्यायचा, म्हणजे वितळलेल्या पितळेने भोक बुजवायचे, तर आठशे अंशांच्या वर उष्णता लागते आणि आजूबाजूचा रंग जळून जातो. कथील-शिशाचा डाग दोनशे अंशांच्या आतबाहेर वितळतो आणि तो ज्वालेशिवाय, तापवलेल्या खड्याने, म्हणजे डाग देण्याच्या अवजाराने, देता येतो. भोक शिवणीवर नसून शेजारच्या सपाट पत्र्यावर असल्याने त्यांनी हाच मार्ग निवडला. हे काम ते स्वतः करीत नाहीत. भांडी बाजारात पूर्वी तांब्या-पितळेची कामे करणाऱ्या एका वयस्क कारागिरांकडून करून घेतात. नाशिकच्या तांबटकामाचा वारसा बुलेटच्या टाकीला असा उपयोगी पडेल असे वाटले नव्हते. डाग देण्याआधी टाकी पुन्हा पाण्याने भरून, फक्त कामाचा भाग पाण्याबाहेर राहील अशी धरली होती, म्हणजे आत वाफेला जागाच उरली नाही. नंतर अगदी कमी दाबाची हवा भरून साबणाचा फेस लावून गळती तपासली गेली. दाब कमी ठेवावाच लागतो. जास्त झाला तर टाकीचा पत्रा फुगतो आणि तो परत बसत नाही.

पत्र्याला खड्डे पडलेले आणि एक भोक बुजवलेले, अशा या टाकीला कोटिंग करणे रास्त होते. मालक दोन भाग मिसळून वापरायचे इपॉक्सी जातीचे कोटिंग करतात आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकते असे डब्यावर स्पष्ट लिहिलेलेच निवडतात. जुनी, एकाच बाटलीतून ओतायची दुधी कोटिंगे इथेनॉलने मऊ पडतात. आमच्या टाकीतली तशीच पडली होती. मिश्रण केल्यावर हाताशी वेळ थोडा असतो आणि उन्हाळ्यात तर तो आणखी कमी होतो, म्हणून ते सकाळी लवकर हे काम करतात. नळाच्या आट्यांत ग्रीस लावलेला बोल्ट घट्ट बसवलेला असतो, कारण आट्यांत कोटिंग गेले की नळ बसत नाही. मिश्रण आत ओतून टाकी सगळ्या दिशांनी सावकाश फिरवायची, प्रत्येक कुशीवर थोडी थांबवायची आणि शेवटी उरलेले मिश्रण संपूर्ण बाहेर काढायचे. हा शेवटचा भाग अनेक जण टाळतात, जास्त थर म्हणजे जास्त टिकाऊ अशा समजुतीने. प्रत्यक्षात तळाशी साचलेले जाड डबके आतून कच्चे राहते आणि पुढे तेच आधी उचलते.

वाळवणीला घाई चालत नाही. नाशकात डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या खाली उतरतो तेव्हा इपॉक्सी कित्येक दिवस चिकट राहते, आणि पावसाळ्यात दमट हवेमुळे वर मेणचट थर धरतो. त्यामुळे भर पावसात मालक कोटिंग करतच नाहीत, फक्त साफसफाई करतात. टाकी परत देण्याआधी त्यांनी तोंडाला नाक लावून वास घ्यायला सांगितले. कोटिंग पुरते पिकले असेल तर वास येत नाही. आला तर पेट्रोल भरायचे नाही.

निकाल समाधानकारक आहे. पूर्ण पावसाळा गेल्यानंतर नळ काढून पाहिला तेव्हा जाळी स्वच्छ होती, कार्बोरेटरच्या वाटीत गाळ नव्हता आणि कॅमेऱ्यात थर कुठेही उचललेला दिसला नाही. त्र्यंबकचा चढ गाडी आता न अडखळता चढते. मालकांच्या सल्ल्याने नळ आणि कार्बोरेटरच्या मध्ये पारदर्शक, बारीक जाळीचा फिल्टर बसवला आहे. कागदी फिल्टर मात्र त्यांनी नको म्हटले, कारण या गाडीत पेट्रोल केवळ स्वतःच्या वजनाने खाली येते आणि कागद ते अडवतो.

तक्रारीही आहेत आणि त्या सांगायला हव्यात. पहिली म्हणजे वेळ. सांगितलेली तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे गेली, आणि प्रत्येक वेळी चौकशी मलाच करावी लागली. कारणे दरवेळी पटण्यासारखी होती, पण गाडी महिनाभर टाकीविना उभी राहणार आहे हे सुरुवातीलाच सांगितले असते तर बरे झाले असते. दुसरी तक्रार रंगाविषयी. टाकी बाहेरून प्लॅस्टिकने गुंडाळून, कडा चिकटपट्टीने बंद केलेल्या असूनही तोंडाच्या गळ्यापाशी द्रावकाचा ओघळ गेला आणि नखाएवढ्या जागेतली रंगाची चमक गेली. झाकण लावल्यावर तो डाग झाकला जातो आणि मालकांनी तो स्वतःहून दाखवला, हे खरे. तरी मूळ रंग जपायचा म्हणूनच टाकी वाचवणाऱ्या माणसाला हे लागते. तिसरी गोष्ट म्हणजे कामाची लेखी पावती किंवा हमी नाही. काय बिघडले तर घेऊन या, एवढा शब्द मिळतो. माझा त्या शब्दावर विश्वास आहे, प्रत्येकाचा असेलच असे नाही.

खर्च साफसफाईचा २,५०० रुपये आणि कोटिंगचा ३,५०० रुपये झाला. जुने कोटिंग काढण्याचे आणि भोकाला डाग देण्याचे पैसे वेगळे द्यावे लागले. साधी गंजलेली, शाबूत पत्र्याची टाकी असेल तर पहिल्याच रकमेत काम होते. वापरलेले आम्लाचे पाणी ते सोड्याने निष्प्रभ करून पिंपात साठवतात आणि ओळखीच्या कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रियेत देतात. शेजारून नासर्डी नदी वाहत असताना ही काळजी घेतली जाते, याचाही या दरात वाटा आहे असे मी धरतो.

ज्यांच्या टाकीला केवळ वरवरचा गंज आहे आणि ज्यांच्याकडे मोकळे अंगण, सवड आणि सावधपणा आहे, त्यांना लिंबूसत्त्वाचे काम घरी करता येण्यासारखे आहे. हातमोजे आणि चष्मा लागतोच. साफ केल्यावर कोटिंग न करता टाकी गळ्यापर्यंत भरलेली ठेवणे पुरेसे असते, आणि गाडी दीर्घकाळ उभी करायची असेल तर टाकी पूर्ण रिकामी व कोरडी करून आत थोडे तेल फिरवून ठेवावे. जुने कोटिंग सुटत असेल, भोक पडल्याची शंका असेल किंवा टाकीला पुन्हा रंग द्यायचा असेल, तर मात्र सातपूरला जावे. रंगाच्या बाबतीत क्रम ध्यानात ठेवावा: पोचे काढणे आणि डाग देणे आधी, कोटिंग त्यानंतर आणि रंग शेवटी, कारण एकदा कोटिंग झालेल्या टाकीला पुन्हा ज्वाला लावता येत नाही. रंगाच्या भट्टीचे तापमान किती असेल तेही रंगाऱ्याला आधीच विचारून मालकांच्या कानावर घालावे.

जायचे तर दिवाळीनंतर थंडी पडण्यापूर्वी किंवा फेब्रुवारी ते मे या काळात जावे, फोन सकाळी दहाच्या आत करावा आणि झाकणाचे नवे रबर आपल्याबरोबर न्यावे. ते त्यांच्याकडे मिळत नाही आणि जुने रबर लावून ते टाकी परत देत नाहीत.